अंगणात लावलेली हराळी

अण्णा,

तक्रार आहे, आणि ती तुमच्याकडेच करणं प्राप्त आहे, कारण या विषयातले अधिकारी पुरुष माझ्या माहितीत तुम्ही एकटेच. तक्रार अशी की नांदेडात हराळी विकत मिळते. रस्त्याच्या कडेची, कुणी उपटून नेली तर त्यालाच चहा पाजावा अशी नव्हे. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये चौकोनी कापून ठेवलेली, वरून पाण्याचा फवारा मारलेली, आणि तिला साहेबी नाव. भोकर रस्त्याला एक नर्सरी आहे. तिचा मालक गॉगल केसांवर चढवून मला म्हणाला, "सर, ही बर्म्युडा. क्रिकेटच्या मैदानावर हीच असती." मी वाकून पाहिलं. बारीक पातं, पेरापेराला फुटवा, प्रत्येक फुटव्याची जमिनीशी सोयरीक. म्हणालो, "ही हराळी आहे." त्याचा चेहरा असा झाला, की जणू मी त्याच्या शिकलेल्या लेकीला चारचौघांत घरच्या नावानं हाक मारली. "हराळी येगळी सर. ही ट्रीटमेंट केलेली हाय."

यावर काय बोलायचं ते तुम्हाला सुचलं असतं. मला संस्कृतात सुचलं, आणि त्याचा नर्सरीत उपयोग नव्हता.

तुम्ही म्हणाल, हा तिथे गेलाच कशाला. माय पडली म्हणून गेलो. तुम्ही गेल्यावर वीस वर्षं ती गावातच एकटी राहिली, कुणाचं ऐकलं नाही, आणि दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ओट्यावरून उतरताना पडली. खुब्याचं हाड. ऑपरेशन इथेच नांदेडला केलं. नीट झालं. डॉक्टर माणूस थोडक्यात बोलणारा, म्हणाला, "चालल्या तर चालत राहतील. बसल्या तर मग बसल्याच." एवढ्या वाक्यावर मी गेली दोन वर्षं पीएच.डी. करतो आहे. आमच्या घरात फरशी आहे ती तुमच्या सुनेच्या पसंतीची, तोंड दिसेल इतकी गुळगुळीत. मायनं पलंगावरून पाय खाली सोडला, फरशीला अंगठा लावला आणि वर ओढून घेतला. "ह्या पाण्यावरून मी न्हाई चालणार बाबा." चटई टाकली तर चटई सरकते. काठी दिली तर काठीच घसरते. डॉक्टर म्हणाले, घरापुढे जागा आहे ना, मऊ गवत लावा, सकाळ-संध्याकाळ अनवाणी चालवा. म्हणून लॉन. मला हौस नव्हती. ज्या लातूरला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यातला मी माणूस, गवताला नळी लावून उभा राहायला लाजतो. तो रेल्वेचा उन्हाळा पाहायला तुम्ही नव्हतात हे एका परीनं बरं झालं. पण मायचा पाय आधी.

गवत निवडणं हे मी समजत होतो त्यापेक्षा मोठं शास्त्र निघालं. कोरियन कार्पेट नावाचं एक असतं, गादीसारखं मऊ, पण वाढताना त्याचे उंचवटे होतात. काठी अडकायची, पाऊल मुरगळायचं. सावलीतलं एक वेगळं असतं, रुंद पात्याचं. आमच्या अंगणात पूर्वेला कडुनिंब आहे, तेवढ्या सावलीला ते चाललं असतं, पण उरलेल्या उन्हात करपलं असतं. सिलेक्शन वन म्हणून एक बारीक पात्याचं असतं, दिसायला सुंदर; त्याला ऊन हवं, पाणी हवं आणि सारखी कापणी हवी. आणि शेवटी ती ट्रेमधली. शेजारी एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांनी स्वतःच्या अंगणात प्लास्टिकचं गवत अंथरलं आहे आणि ते रोज झाडूनं झाडतात. म्हणाले, "सर, मेंटेनन्स झीरो." मे महिन्यात त्यांच्याकडे चप्पल काढून उभा राहिलो होतो, अण्णा, तव्यावर भाकरीला काय वाटत असेल ते कळलं. मी एकेका गवताचा पूर्वपक्ष मांडायचा, संध्याकाळी त्याचं खंडन करायचं. तुमची सून भाजी निवडताना म्हणाली, "लग्नाच्या वेळी मला बघायला आलाव तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणालाव. गवतालाच एवढा विचार?"

मला स्वस्थ बसवत नव्हतं. कॉलेजात तास घेताना खिडकीबाहेरच्या मैदानातलं गवत पाहायचो. कुणाच्या वास्तुशांतीला गेलो तर जेवायच्या आधी अंगणात उकिडवा बसून पातं चिमटीत धरायचो. आणि खरं सांगायचं तर मनात ती ट्रेमधली हराळी सारखी येत होती. ऊन सोसते, पाणी कमी मागते, पायाखाली कितीही तुडवा, मरत नाही. आमच्या हवेला तिच्यासारखं गवत नाही. पण तुमच्या पोरानं हराळी लावायची? हात धजेना.

कारण मला तो शिवारातला चैत्र आठवतो. तूर निघालेली आहे. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा आहेत. मी लातूरच्या शाळेतून सुट्टीला आलेलो, नववीत संस्कृत घेतलं आहे, कारण त्यात मार्क पडतात असं कुणीतरी तुम्हाला बाजारात सांगितलं. तुम्ही कुदळ मारता आहात, ढेकूळ उलथतं, आणि त्याच्या पोटातून हराळीच्या पांढऱ्या काशा लोंबतात, दोरखंडासारख्या. मी दिसेल तेवढी उपटून पाटीत टाकतोय. तुम्ही थांबता. कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकवता. "वरवर काढून कुणाला दाखवून राहिलास? रानाला का मला?" मी पाटीत बघतो. "एक पेरं ऱ्हायलं तरी ती ऱ्हायलीच. खाली जा." मग मी खाली जातो, कोपरापर्यंत. माझ्या मागून माय येते. तुम्ही फोडलेलं, मी चाळलेलं प्रत्येक ढेकूळ ती पुन्हा हातात घेऊन झटकते, आणि दर वेळी त्यातून एखादी काशी निघते, आणि माझ्याकडे बघून ती पाटीत टाकते. बांधावर तिनं हराळी कधी टाकली नाही. बांधावरून परत येते म्हणायची. पाटी डोक्यावर घेऊन ती पार वरच्या खडकापर्यंत जायची आणि तिथे तापल्या दगडावर मुळं वर करून पसरायची. माणसाच्या रानात हराळी दिसली तर गावात त्याची सोयरीक मागे पडते, असं तुमचं मत होतं. मायचं मत नव्हतं. तिचे हातच तसे होते.

आणखी एक दिवस आठवतो, तो आठवून मी अजूनही वर्गात हसतो. तुम्ही बाजाराच्या दिवशी माझ्या वसतिगृहावर आला होतात, धोतराच्या सोग्यात भुईमुगाच्या शेंगा घेऊन. संस्कृतचे सर ओसरीवर आम्हाला गणपतीच्या पूजेतल्या वनस्पती सांगत होते. दूर्वा म्हणजे काय, ती तोडली तरी पेरापेरातून कशी पुन्हा फुटते, म्हणून देवाला प्रिय, म्हणून आपला वंश तिच्यासारखा वाढावा अशी प्रार्थना करतात. तुम्ही कोपऱ्यात बसून सगळं ऐकलंत. मग हात जोडून विचारलंत, "सर, ही दुर्वा म्हंजे आमची हराळीच ना?" सर म्हणाले, "होय, तीच." तुम्ही जरा वेळ शेंग फोडत बसलात. "मग एक इनंती हाय. पोरान्ला ही प्रार्थना शिकवा, पर आमच्या शिवाराकडं तोंड करून म्हणू नका म्हणावं." सर इतके हसले की त्या दिवशी पुढचा पाठ झालाच नाही. जाताना शेंगांची पुरचुंडी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "शिक. उपटायचं काय आन् पुजायचं काय, येवढं कळलं तरी लई झालं." ते अजून नीट कळलेलं नाही, हे जाता जाता नमूद करतो.

तर मी मध्यम मार्ग काढला. सिलेक्शन वन लावलं. नर्सरीवाल्यानं शपथेवर सांगितलं की हिचा आणि हराळीचा काही संबंध नाही. मला संशय होता की चुलत बहीण तरी असावी, पण मी मान्य केलं. माती उकरली, दगड वेचले, पाणी देऊन आधीचं तण उगवू दिलं आणि ते काढलं, शेणखत मिसळलं, फळी ओढून सपाट केलं, मग बोटाबोटाच्या अंतरानं काड्या खोचल्या. पावसाळ्यात ते असं भरून आलं की मी संध्याकाळी खुर्ची टाकून नुसता बघत बसायचो. मायला धरून आणायचो, दोन फेऱ्या मारायची, "बास" म्हणायची, पलंगावर जायची. पाय टाकताना ती पावलाकडे बघायची नाही, गवताकडे बघायची. मला वाटलं आवडलं आहे.

नवरात्राच्या आधीची सकाळ. आम्ही दोघं चहा घेत होतो आणि बाहेर कसलातरी खरवडल्याचा आवाज. पाहतो तर माय अंगणात बसली आहे, बिनकाठीची. तुमच्या सुनेचं कुंड्या उकरायचं खुरपं तिच्या हातात. अर्धं लॉन निघालेलं. नुसतं निघालेलं नाही, अण्णा, मुळासकट, ढेकूळ झटकून, काशी न् काशी वेचून. आम्ही दारात उभे. ती मान वर न करता म्हणाली, "मास्तर झालास पर दारात येवढी हराळी वाढू दिलास. तुझा बाप बघितला असता तर दारातूनच फिरला असता की रं." तेवढ्यात तिनं काढलेली रास लुगड्याच्या पदरात घेतली, गुडघ्यावर हात दाबून उठली, आणि पोर्चच्या पायऱ्या चढून थेट त्या आरशासारख्या फरशीवर गेली. थांबली नाही. पलीकडे ऊन पडत होतं तिथे तिनं सगळी रास पसरली, मुळं वर करून. मग परत आली. परत फरशीवरून.

तुमच्या सुनेनं माझा दंड धरला. हळूच म्हणाली, "बघितलाव का?" मी म्हणालो, "अर्धं गेलं." ती म्हणाली, "गवत न्हाई हो. आत्या चालल्या."

शहाण्या माणसांनी तिथे थांबायला हवं होतं. आम्ही शहाणे नव्हतो. संध्याकाळी मी मायजवळ बसून समजावलं, की हे लॉन आहे, मुद्दाम लावलेलं आहे, शहरात लोक लावतात, तुझ्यासाठीच लावलं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "मग मला सांगायचं व्हतं. उगं मी तुमचं नुकसान केले." दुसऱ्या दिवसापासून ती पलंगावरून उठेना. जेवण अर्धं. कुणी विचारलं तर, "इथं मला काय काम हाय? बसून खायचं." तो महिना फार वाईट गेला. मी उरलेलं काढून कोरियन कार्पेट आणून लावलं, जे कुणाला हराळी वाटणं शक्य नाही. तिला धरून त्यावर उभं केलं. तिनं पायाच्या अंगठ्यानं दाबून पाहिलं. "हे काय, गादी हाय का? ह्याला ना मूळ ना खोड." दोन पावलं टाकली आणि मला म्हणाली, घरात ने. डॉक्टरांनी तिचा पाय वाकवून पाहिला आणि माझ्याकडे बघून ते जुनंच वाक्य पुन्हा म्हणाले, या वेळी दुसऱ्या भागावर जोर देऊन.

मग मी ते केलं, जे तुमच्या कुळात कुणी केलं नसेल. एका रविवारी चाकूरला गेलो, तिथून आपल्या रानात. आपली जमीन आता चुलतभाऊ करतो. त्याला म्हणालो, "बांधावरची थोडी हराळी पाहिजे. मुळ्यांसकट." तो सोयाबीनच्या पोत्यावर बसला होता, उठून उभा राहिला. "पूजा हाय का घरी?" "नाही. लावायची आहे." त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग वावरातल्या बायकांना ओरडून सांगितलं, "ऐकलाव का गं? आमचे प्रोफेसर हराळी पेरूलालेत नांदेडात!" बायका खुरपी टाकून हसल्या. एकजण म्हणाली, "भाऊ, थोडी कशाला, समदी न्या की. आमचं कल्याण व्हईल." दोन पोती भरून दिली त्यांनी, अगदी आनंदानं. एसटीत कंडक्टरनं विचारलं, पोत्यात काय? मी म्हणालो, लॉन.

लावायचं असं काही नव्हतंच. कार्पेट काढलं, हराळीच्या काशा तोडून पसरल्या, वर माती लोटली. ती हराळी आहे, अण्णा. तिला आमंत्रण लागत नाही. पंधरवड्यात अंगणभर सुटली. मी मायला काही बोललो नाही. फक्त खुरपं पायरीवर ठेवलं आणि कॉलेजला गेलो. दुपारी फोन केला. तुमची सून म्हणाली, "बसल्यात." "पलंगावर?" "अंगणात. मला शिव्या देत बसल्यात, म्हणे कसलं घर हे, चार दिस बघितलं न्हाई की रान होतंय." मी व्हरांड्यातच थोडा वेळ उभा राहिलो. तास होता हे विसरलो.

तेव्हापासून हे असं चाललं. माय सकाळी एका कडेनं सुरू करायची, सरकत सरकत कडुनिंबापर्यंत जायची, उठायची, पदरातली रास फरशीवरून पलीकडे नेऊन वाळत घालायची, परत यायची. दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत पहिली कड पुन्हा हिरवी. सिलेक्शन वन तिच्या एका सकाळीत अर्धं संपलं होतं. कार्पेटला तिनं हात लावला नाही. हे एकच गवत असं निघालं की तिच्या हाताला पुरून उरतं. लोक घरच्या लॉनसाठी कोणतं गवत घ्यावं म्हणून विचारतात, तर माझा सिद्धान्त हा. शेजारचे इंजिनिअर कुंपणावरून म्हणाले, "सर, तुमच्या लॉनला टक्कल पडलंय." मी म्हणालो, "असू द्या. वय झालं." डॉक्टरांनी गेल्या वर्षी मायला विचारलं, आजी, काय व्यायाम करता? ती म्हणाली, "येयाम कशाचा? ह्यांच्या घरी गडी न्हाई, मलाच समदं बघावं लागतंय."

एकदा मी तिच्याजवळ बसून काशा वेचत होतो. वरवर. तिनं माझ्या पाटीत पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "चाकूरहून आणलास ना ही?" मी दचकलो. "कुणी सांगितलं?" "सांगायला कशाला पायजे? आपल्या बांधावरची वळखत न्हाई का मी? चाळीस वर्स उपटले." मग खुरपं चालवत राहिली. "तू लाव. मी काढते. तुला बी काम, मला बी." आणि हसली. मला येडी समजू नकोस, एवढंच त्या हसण्यात होतं. मी त्या दिवशी खाली गेलो, मनगट बुडेपर्यंत.

हे पत्र मी आज दुपारपासून लिहितो आहे आणि मधे किती वेळा उठून खिडकीशी गेलो ते सांगत नाही. तुमची सून ते मोजते आहे असं तिच्या चेहऱ्यावरून दिसतं. पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाहीच. तुम्हाला माझं शुद्ध मराठी वाचायचा कंटाळाही होता. मायला वाचून दाखवीन असं एकदा मनात आलं होतं. दाखवणार नाही.

काल कॉलेजातले काही सहकारी सपत्नीक आले होते. पोर्चमध्ये उभे राहून सगळे म्हणाले, वा, सर, काय लॉन आहे. एकीनं चप्पल काढून चालून पाहिलं. पाऊल बुडतं म्हणाली. इंजिनिअर कुंपणापलीकडून म्हणाले, बघा, शेवटी मेहनत फळाला आली, कोणतं खत घातलंत? मी हसून काहीतरी बोललो आणि सगळ्यांना आत नेलं. आत माय पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

भाद्रपदातल्या गौरी उठल्यापासून ती अंगणात उतरलेली नाही. आधी म्हणाली, दमले. मग म्हणाली, उद्या. आता काही म्हणत नाही. मी खुरपं पायरीवर ठेवतो, संध्याकाळी उचलतो. डॉक्टर म्हणतात, पाय चांगला आहे, पायाचं काही नाही, वय आहे. अंगणात कुठे एक बोटभर माती दिसत नाही, अण्णा. इतकं दाट, इतकं हिरवं गवत मी नांदेडात कुणाच्या दारात पाहिलेलं नाही, आणि ते पाहिलं की मला भीती वाटते.